सहा गाण्यांचा हार

आई, तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगून झाल्याशिवाय आज माझ्याने उत्तरपत्रिका तपासून होणार नाहीत. नववीच्या संस्कृतचा गठ्ठा समोर पडला आहे. पहिल्याच मुलीनं 'माला' या शब्दाचं षष्ठीचं रूप 'मालाची' असं लिहिलं आहे. एरवी मी तिला लाल शाईत बुडवून काढलं असतं, आज अर्धा गुण दिला. यावरून माझी अवस्था ओळख. काल इथे अकोल्यात एका मांडवात एक्कावन्न लग्नं लागली, आणि एकशे दोन गळ्यांत घालायचे हार आपल्या अमरावतीच्या घरातून आले होते. ते सगळे सारखे झाले की नाही ते सांगतेच. पण तू जाऊन पंचवीस वर्षं झाली, मधल्या काळात जगात काय काय निघालं ते तुला ठाऊक नाही, म्हणून आधी एका यंत्राबद्दल सांगावं लागेल. गाणी वाजवायचं, खिशात मावणारं यंत्र. एक काडेपेटीएवढं मिळतं आणि एक पानाच्या डब्याएवढं. या दोहोंपैकी कोणतं घ्यावं यावर तुझ्या लेकीनं जेवढा विचार केला, तेवढा लग्नाच्या वेळी नवऱ्यावर केला नव्हता.

तू हार मोजायचीस गाण्यांवर. हे मी शाळेत कुणाला सांगितलं की त्यांना वाटतं, बाई काव्य करताहेत. मग सविस्तर सांगावं लागतं. सैपाकखोलीत ओट्याखाली ओलं गोणपाट अंथरलेलं, त्यावर एकीकडे शेवंती, एकीकडे झेंडू, धाग्यासाठी अंजनगावहून आलेली केळीची सोपटं बादलीत भिजत पडलेली, फळीवर रेडिओ, आणि तू मांडी घालून बसली आहेस. दारात गिऱ्हाईक उभं आहे. "कसा पायजे? देवाचा एका गाण्याचा, पाहुण्याचा दोन गाण्याचा, नवरदेवाचा सहा." नवं गिऱ्हाईक गोंधळतं, म्हणतं, मावशी, किती हात लांब ते सांगा. तू म्हणतेस, "लांब तं कोनीबी करते. दोन फुलं इकडे, दोन फुलं तिकडे, मधात फट. दुपारी पाहा मंग त्याचे हाल." तेव्हा मला हा नुसता तोरा वाटायचा. आज कळतं की त्यात शास्त्र होतं. तुझा हात गाण्याच्या ठेक्यावर चालायचा, आणि सहा गाण्यांत जो हार गुडघ्यापर्यंत आला तो दाट असणारच. तेवढाच लांब हार कुणी तीन गाण्यांत केला, तर तो विरळ आहे हे न बघता सांगता यायचं. टेपनं लांबी मोजता येते, दाटी मोजता येत नाही. शिवाय दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक बोलायला लागला की तू धागा ओला करून गाठ मारून घ्यायचीस. त्या बिचाऱ्याला वाटत असेल, अमरावतीचे श्रोते आपलं बोलणं ऐकतात.

आठवीत आम्हाला वृत्तं शिकवायला लागले त्या दिवशी मी धावत घरी आले होते, आठवतं? वृत्तांची नावं चक्क हारांवरून निघाली होती. "आई, एका वृत्ताचं नाव मालिनी आहे. म्हणजे हार घातलेली." तू विचारलंस, "किती फुलाची?" म्हटलं, पंधरा अक्षरांची. सुई न थांबवता तू म्हणालीस, "मंग तो फोटोचा झाला." मी हिरमुसले, पण दुसरं काढलं. स्रग्धरा, माळ धारण करणारी, एकवीस अक्षरं. "तो गनपतीचा." छंदशास्त्राचा निकाल इतक्या कमी वेळात दुसऱ्या कुणी लावला नसेल. मग मी हट्टानं सुई घेतली आणि मालिनी म्हणत, एका अक्षराला एक फूल, असा हार ओवायला बसले. मालिनीची पहिली सहा अक्षरं लघु, ती भरभर निघून जातात. पुढे गुरू अक्षरं येतात, ती पाय पसरून बसतात. हारही तसाच झाला. सहा फुलं एकमेकांच्या उरावर, पुढची दूरदूर, की पुन्हा सहा फुलांची दाटीवाटी. तू तो उचलून उजेडात धरलास. "हे काय होय वं? हार होय का गाठोडे बांधले? फुलं काहून खराब करून राहिली?" मी वृत्ताचा नियम सांगायला लागले. तू म्हणालीस, "तो नियम ज्यानं केला त्याच्याच गळ्यात घाल हा." तो हार शेवटी मागच्या अंगणातल्या गाईनं खाल्ला, आणि तिला मात्र वृत्तदोष जाणवला नाही.

आणि मला अकोल्याला नोकरी लागली तेव्हा तू फळीवरचा तो रेडिओ फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत घातलास. "ने. एकटी राहाशीन. खोली खायले उठते." मी तो सकाळच्या संस्कृत बातम्यांसाठी वापरला. दिवसातली पाच मिनिटं. बाकी वेळ त्याच्यावर माझा कंगवा असायचा. कितीतरी वर्षांनी वहिनींनी सांगितलं, की रेडिओ गेल्यावर तू हार ओवताना स्वतःच गुणगुणायला लागलीस. नेहमीची सहा गाणी, नेहमी त्याच क्रमानं. वहिनी नव्या सून म्हणून शेजारी बसायच्या, त्या त्याच सहा गाण्यांवर शिकल्या. म्हणजे बातम्या ऐकायला मी तुझी मोजपट्टी घेऊन आले होते आणि तू एका शब्दानं बोलली नाहीस. एवढी उदार होतीस तर मालिनीला जरा सांभाळून घ्यायचंस.

आता यंदाचं. आमच्या शाळेतल्या एक बाई त्यांच्या समाजाच्या मंडळात आहेत, ते मंडळ दर वर्षी सामूहिक विवाह लावतं. मागच्या खेपेला हार चार ठिकाणांहून आले होते. एका नवरदेवाचा गुडघ्यापर्यंत, शेजारच्याचा बेंबीपर्यंत. त्या शेजारच्याच्या मावशीनं मंगलाष्टकांच्या मध्येच विचारलं म्हणे, "आमचं पोरगं काय रस्त्यावर सापडलं का?" तिथून जे सुरू झालं ते पंगतीपर्यंत पुरलं. म्हणून यंदा हार एकाच हातचे हवे होते, आणि मी वहिनींचं नाव सांगितलं. वहिनींनी मंडळाच्या माणसांना फोनवरच शब्द दिला. "एकशे दोनच्या एकशे दोन सारखे देईन. एक जरी लहानमोठा निघाला, तं पुढच्या साली माह्या दारात येऊ नोका." शब्द देऊन झाल्यावर त्यांना घाम फुटला आणि त्यांनी मला फोन केला. "ताई, मी मागच्या गल्लीतल्या तिघीले बसवतो. पण चौघीचा हात एका मापात चालला पायजे न. रेडिओवर आता गानं कमी अन् बोलनं जास्त. मोबाइलवर लावलं तं मधातच कोनाचा फोन येते, नाई तं तेलाची जाहिरात येते. तुमी तिकडून एक गाण्याची मशीन आना. सहाच गाने पायजे, आईचे." सहाच, हा शब्द मी अगदी नीट ऐकला होता.

पण आई, दुकान. तुला त्या दुकानात न्यायला हवं होतं. दुकानदारानं काचेवर दोन यंत्रं ठेवली. "मॅडम, हा छोटा. याले पडदा नाही, पाच बटनं, मागून चिमटा, पदराले लावा. दीडेक हजार गाने बसतात. अन् हा मोठा. याच्यात कार्ड टाकलं तं लाखाच्या वर जाते." लाख. माझ्या कानात एकदम घंटा वाजल्या. मी सहज म्हणून गेले, "म्हणजे एक लघु आणि एक गुरू." तो म्हणाला, "गुरू कंपनीचा माल आपल्याकडे नाही येत, मॅडम." मग त्यानं रीतसर विचारलं, किती गाने टाकायचे आहेत? मी म्हटलं, सहा. "सहा हजार?" नाही, सहा. "सहाशे तरी?" मी पुन्हा सांगितलं. त्यानं दोन्ही यंत्रं जरा मागे ओढून घेतली. "मंग मॅडम, तुमी गाऊनच काहून नाही टाकत?"

यावर मान डोलावून छोटा घ्यायचा आणि घरी यायचं, एवढं साधं होतं. मी मोठा हातात घेतला. त्याची पाठ गार होती, वजन छोट्या शब्दकोशासारखं भरीव होतं, पडद्यावर बोट फिरवलं की याद्या सरसर वर जात होत्या. मी मनात हिशेब केला: लाख गाणी अहोरात्र ऐकत बसलं तरी आठ महिने लागतील. जन्मभर ऐकायची राहून गेलेली नाट्यगीतं, अभंग, कुठल्या कुठल्या स्तोत्रांची पठणं, सगळं एका डबीत. चार दिवसांत तीन वेळा मी त्या दुकानात गेले. तिसऱ्या वेळी तो न विचारताच दोन्ही काढून ठेवायला लागला. शेवटी मी न्यायशास्त्राचा आधार घेतला. लाखात सहा येतात, सहात लाख येत नाहीत. तस्मात् मोठा. तर्कात खोट नव्हती. दोन आठवडे मी शाळा सुटली की त्यात गाणी भरत होते. तुझी सहा तर घातलीच, शिवाय प्रत्येकाचे नव्या गायकांनी गायलेले दोन-दोन प्रकार घातले, तुलनेसाठी. अमरावतीला जाताना बसमध्ये ऐकत बसले, तर मूर्तिजापूर कधी गेलं कळलं नाही, बडनेऱ्याला कंडक्टरनं खांद्याला हलवून विचारलं, "मॅडम, झोपल्या का समाधी लागली?"

विवाहाला दहा दिवस होते. वहिनींनी तालीम म्हणून तिघींना बोलावलं. दादाच्या स्पीकरला यंत्र जोडलं आणि मी सरस्वतीसारखी बाजूला बसले. पहिलीनं विचारलं, "ताई, याच्यात भजन आहे का?" आहे. "गोंधळ आहे का?" आहे. "आमच्या लग्नात बँडवाल्यानं वाजवलं होतं ते?" तेही होतं. झालं, सुया थांबल्या. जी ती काही मागायची आणि ते निघायचं. वहिनींनी दटावून तुझी गाणी लावायला सांगितली, तर पहिलं गाणं नव्या गायकानं गायलेलं लागलं, ज्यात आधी साडेचार मिनिटं नुसती सतारच. दुसऱ्यानंतर यंत्रानं स्वतःच्या मनानं एक नाट्यगीत काढलं. ते संपलं असं वाटून दोघींनी गाठ मारली, ते पुन्हा सुरू झालं, पुन्हा संपलं, पुन्हा सुरू झालं. एकीनं त्याची तीन गाणी मोजली, दुसरीनं एक. चार हार खुंटीला लावले तेव्हा एक पोटऱ्यांपर्यंत होता, एक कमरेपर्यंत, आणि उरलेले दोन, वहिनींचा स्वतःचाही, कुठेतरी मध्ये. वहिनींनी सगळ्यांत लांब हार बोटावर उचलला. "ताई, तुमच्या ह्या एका गाण्यात नवरदेव, घोडा अन् घोडेवाला, तिघाले हार झाला." सगळ्या हसल्या, मीही हसले. मग तिघी गेल्यावर वहिनी फुलांचा कचरा गोळा करता करता खाली बघूनच म्हणाल्या, "मी शब्द देऊन बसली, ताई. गल्लीतल्या बाया इच्यारतात, सासू होती तं जमत होतं, तुले जमंन काय." हे त्यांनी इतकं हळू म्हटलं की मला त्या लाख गाण्यांची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याच्या दुकानात उभी. दुकानदारानं मला बघितलं आणि छोटा काढला. "दोन्ही घ्यावं लागन म्हनून मी पयल्याच दिवशी म्हननार होतो." त्यात मी सहाच गाणी घातली, तुझ्या रेडिओच्या काळातली, मूळ गळ्यातली. क्रम वहिनींनी फोनवर गुणगुणून सांगितला. पडदा नाही, यादी नाही, मागायला काही नाही. वर्गात पंचेचाळीस मुली सांभाळणाऱ्या बाईला या गुणाची किंमत आधीच कळायला हवी होती. फक्त एक अडचण निघाली. एक गाणं संपलं की लागलीच दुसरं सुरू, मग गाठ कधी मारायची? तुझ्या वेळी निवेदक होता. म्हणून आई, मी निवेदिका झाले. मोबाइलमध्ये माझा आवाज भरला आणि गाण्यांच्या मध्ये घातला. पहिला प्रयत्न वहिनींना मोबाइलवर पाठवला, तो असा होता: "भगिनींनो, आता धागा ओला करून गाठ बांधावी." वहिनींचा फोन आला. "ताई, बातम्या लागल्या म्हनून एक बाई हात जोडून बसली, गाठ कोनीच नाही मारली." दुसऱ्यांदा मी दार लावून घेतलं आणि तुझ्या सुरात बोलले: "मारा गाठ वं." त्यानंतर दहा आकड्यांची शांतता. इतकी वर्षं मी यती म्हणजे काय ते शिकवते आहे, ओळीत थांबायची जागा. माझ्या सांगण्यावरून कुणी कधी थांबलेलं नव्हतं.

परवा मी अमरावतीलाच होते, सकाळपासून चौघी बसल्या. स्पीकर कपाटावर, काडेपेटीएवढं यंत्र वहिनींच्या पदराला. लघु अक्षरापुढे जोडाक्षर आलं की त्याच लघूचा गुरू होतो, हे मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं असेल, पण ते होताना असं समोर कधी पाहिलं नव्हतं. त्या काडेपेटीपुढे जोडल्यासारखे चार हात एकदम वर जात होते, एकदम खाली येत होते. पाचव्या फेरीपर्यंत त्या माझ्या आवाजाशी बोलायला लागल्या. मी म्हणे, मारा गाठ वं, की चौघी उत्तर देत, "मारली बाई, मारली." दुपारी मी आत येऊन विचारलं, चहा टाकू का, तर एकीनं मान वर न करता सांगितलं, "पयले गाठ मारू द्या." एका फेरीत चार हार, पंचवीस फेऱ्यांत शंभर. दिवेलागणीच्या आधी शंभर झाले, उरलेले दोन चहाच्या आगेमागे झाले, आणि सगळे ओल्या फडक्यांत टोपल्यांत गेले.

काल सकाळी दादाच्या टेंपोतून वहिनी अकोल्याला उतरल्या तेव्हा त्यांनी चहालासुद्धा नको म्हटलं. एक्कावन्न पाट एका रांगेत. हार गळ्यात पडले, आणि मी मांडवाच्या टोकाला जाऊन एक डोळा मिटून बघितलं. खालची टोकं एका रेषेत होती, फळ्यावर पट्टीनं आखल्यासारखी. एका नवरदेवाच्या आजीचा मात्र विश्वास बसेना. तिनं आपल्या नातवाचा हार वीतभर-वीतभर मोजला, मग शेजारच्याचा मोजला, मग फुलांमध्ये नख घालून फट शोधली. काहीच न सापडल्यानं ती जरा नाराज होऊन बसली. वहिनी खांबाला टेकून हे बघत होत्या. म्हणाल्या, "आता मले चहा चालन." मंडळाच्या माणसांनी पुढच्या वर्षीचं तिथेच सांगून टाकलं. मोठं यंत्र मी माझ्याकडेच ठेवलं आहे, आत्ता ते कानात आहे आणि त्यातलं नाट्यगीत अजून संपलेलं नाही.

हे पत्र मी पाकिटात घालणार नाही. तुझा पत्ता माहीत असता तरी घातलं नसतं, कारण तू ते वाचून आधी वहिनींच्या स्वप्नात जाऊन सांगून आली असतीस. परवा शंभर हार झाल्यावर सगळ्या चहाला अंगणात गेल्या, दोन हार राहिले होते, यंत्र वहिनी गोणपाटावर ठेवून गेल्या होत्या. मी सुई घेतली. आवाज बारीक केला. चौथ्या गाण्याच्या शेवटी बघितलं तर हार निम्म्याच्या थोडा पुढे. पाचवं संपलं, मी मागे न्यायचं बटण दाबलं आणि पाचवं पुन्हा लावलं, मग सहावं. वहिनी आत आल्या तेव्हा मी शेवटची गाठ मारत होते. त्यांनी हार हातात धरून बघितला, म्हणाल्या, "झाला की सहा गाण्यात," आणि टोपलीत ठेवून शेवटचा एक स्वतः ओवायला बसल्या. काल तो सव्विसाव्या पाटावरच्या नवरीच्या गळ्यात होता. लांबी बरोबर, दाटी बरोबर, त्या आजीनंही त्याला हात लावून सोडून दिलं. सात गाण्यांचा होता, आई.